भिंतीवरची शिंगे : शिकारीतील ‘ट्रॉफी’ कशाला म्हणतात?

वर्ध्याहून आर्वीकडे जाणाऱ्या रस्त्यावर आंजी (मोठी) हे गाव आहे. गावाभोवती कापूस, तूर, सोयाबीनची शेते आणि पुढे खरांगण्याच्या अंगाने सागाचे, तेंदूचे रान. हेच रान तुटत-जोडत बोरच्या टेकड्यांपर्यंत जाते. बोर अभयारण्य १९७० साली जाहीर झाले आणि २०१४ साली त्याला व्याघ्रप्रकल्पाचा दर्जा मिळाला. आकाराने ते देशातल्या सर्वांत लहान व्याघ्रप्रकल्पांपैकी एक. त्यापूर्वीची शंभरेक वर्षे मात्र या मुलखाची ओळख वेगळी होती. वर्धा जिल्हा तेव्हा मध्य प्रांतात होता आणि मध्य प्रांत हा शिकाऱ्यांच्या दृष्टीने हिंदुस्थानातला एक नामांकित प्रदेश होता. त्या काळाची खूण विदर्भातल्या जुन्या वाड्यांत, मालगुजारांच्या बैठकीत आणि सरकारी विश्रामगृहांत बरीच वर्षे टिकून होती. लाकडी ढालीवर बसवलेली सांबराची किंवा चितळाची शिंगे ही तिथली नेहमीची शोभा.

या शिंगांकडे पाहताना एक प्रश्न सहसा कुणाच्या मनात येत नाही. ज्या माणसाने आयुष्यात पन्नास-साठ हरणे मारली, त्याच्या भिंतीवर शिंगांच्या दोन-तीनच जोड्या का असतात? बाकीच्या हरणांचे मांस खाल्ले गेले, कातडी वापरात आली, शिंगे सुऱ्यांच्या मुठींना लागली किंवा अडगळीत पडली. भिंतीवर चढण्याचा मान मिळाला तो थोड्यांना. या थोड्यांनाच शिकारीच्या परिभाषेत ‘ट्रॉफी’ म्हणतात. शब्द मूळ ग्रीक. रणांगणात शत्रूने जिथे पाठ फिरवली त्या जागी विजेते शस्त्रांचा जो स्तंभ उभा करीत, त्याचे ते नाव. हरणाशी माणसाचे वैर नव्हते, तेव्हा विजय कशावर मिळवला हे सांगण्यासाठी काही माप लागणारच. ते माप कसे ठरले आणि शिकार फार वाढली म्हणजे त्याचे काय होते, हा या लेखाचा विषय आहे.

प्रथम थोडी प्राणिशास्त्राची उजळणी आवश्यक आहे, कारण मराठीत आपण सगळ्यांनाच ‘हरीण’ म्हणतो आणि सगळ्यांच्या डोक्यावर ‘शिंगे’च असतात. चितळ, सांबर, भेकर, बारासिंगा हे हरणांच्या कुळातले. यांची शिंगे भरीव हाडाची, फक्त नरांना येणारी आणि ठरावीक काळाने गळून नव्याने उगवणारी असतात. काळवीट, चिंकारा, चौशिंगा आणि ज्याला विदर्भात रोही म्हणतात ती नीलगाय, हे प्राणी गायी-शेळ्यांच्या कुळातले. त्यांची शिंगे आतून हाडाची आणि वरून नखासारख्या पदार्थाच्या टोपणाची. ती एकदा आली की जन्मभर राहतात. पिसोरी या इवल्याशा प्राण्याला तर शिंगेच नसतात. काळविटाचे शिंग म्हणजे त्याच्या साऱ्या आयुष्याची नोंद. चितळाचे शिंग म्हणजे फक्त त्या वर्षाची.

हे वर्षाचे शिंग हा निसर्गातला एक खर्चिक उद्योग आहे. सांबराची शिंगे मध्य भारतात साधारणपणे उन्हाळ्याच्या तोंडाशी गळतात आणि पावसाळ्यात नवी वाढू लागतात. वाढ चालू असताना त्यांवर मखमलीसारखी लव असलेली कातडी असते, तिच्यातून रक्त वाहते आणि शिंग हाताला ऊन लागते. प्राण्यांच्या शरीरातले सर्वांत वेगाने वाढणारे हाड ते हेच. त्यासाठी लागणारा चुना नुसत्या चाऱ्यातून भागत नाही. नर तो स्वतःच्या सांगाड्यातून उसना घेतो आणि पुढे भरून काढतो. वाढ पुरी झाली की कातडी सुकते, नर झाडाच्या खोडांवर शिंगे घासून ती उतरवतो आणि माजाच्या हंगामासाठी सज्ज होतो. चितळाचे वेळापत्रक इतके काटेकोर नसते. त्याच्या कळपात बाराही महिने कुणाची ना कुणाची शिंगे पक्की असतात, मात्र मध्य भारतात माजाचा भर उन्हाळ्यात असतो. जॉर्ज शेल्लर यांनी १९६३ ते १९६५ या काळात कान्हाच्या जंगलात राहून केलेल्या अभ्यासात हे चक्र तपशिलाने मांडले आहे. १९६७ साली प्रसिद्ध झालेला त्यांचा ग्रंथ आजही या विषयाचा पाया मानला जातो.

शिंग किती मोठे होणार हे तीन गोष्टींवर अवलंबून असते. आनुवंशिकता ही एक आणि चारा-पाणी ही दुसरी. तिसरी, आपल्या विषयात सर्वांत महत्त्वाची, म्हणजे वय. पहिल्या वेळी नराच्या डोक्यावर नुसते दोन सुळके येतात. पुढे दरवर्षी लांबी, जाडी आणि फाटे वाढत जातात. ऐन भरात आलेल्या नराची शिंगे जी असतात ती काही वर्षे टिकतात आणि म्हातारपणी पुन्हा उतरणीला लागतात. रानातला चितळ नर आठ-दहा वर्षे जगला तरी पुष्कळ. म्हणजे डोक्यावर उत्तम शिंगे मिरवण्याची त्याची वर्षे मोजून तीन-चार.

इंच आणि टोके

इंग्रज शिकाऱ्यांनी हे सारे इंचांत मोजले. लंडनमधले चामड्यात पेंढा भरणारे प्रसिद्ध कारागीर रोलंड वॉर्ड यांनी १८९२ साली जगभरच्या शिंगांच्या मापांची यादी छापली. तिच्या आवृत्त्यांमागून आवृत्त्या निघाल्या आणि त्या यादीत नाव येणे ही साहेबांच्या जगात प्रतिष्ठेची बाब ठरली. माप घेण्याची रीत सोपी होती. शिंगाच्या मुळाशी जो खडबडीत कंगोरा असतो, तिथून बाहेरच्या वळणाने टोकापर्यंत पोलादी फीत लावायची. मुळाशी घेर मोजायचा, दोन शिंगांमधले अंतर घ्यायचे. सांबर चाळीस इंचांचे, चितळ छत्तीस इंचांच्या आसपासचे, हे आकडे शिकाऱ्यांच्या तोंडी असत. चाळीस इंची सांबर मिळाले नाही म्हणून हळहळत विलायतेला परतलेले साहेब थोडे नसतील.

अमेरिकेत मात्र शिकारी टोके मोजतो. ‘आठ टोकांचा’, ‘दहा टोकांचा’ हीच तिथली भाषा. आपल्याकडे ती का रुजली नाही, याचे कारण आपल्या हरणांच्या डोक्यावरच आहे. चितळ असो की सांबर, पूर्ण वाढलेल्या नराच्या प्रत्येक शिंगाला टोके तीनच. पाच वर्षांचा नर आणि आठ वर्षांचा नर टोकांच्या संख्येवरून ओळखू येत नाही, तेव्हा फीत लावण्याला पर्याय नव्हता. बारासिंगा हा अपवाद. त्याच्या नावातच बारा आहेत, आणि कधी दहा तर कधी चौदा-पंधरा टोकांची त्याची शिंगे दिसत. अमेरिकेतल्या बून अँड क्रॉकेट क्लबाने १९५० साली लांबी, घेर, रुंदी, टोके आणि दोन बाजूंचा सारखेपणा या सगळ्यांची बेरीज-वजाबाकी करणारी गुणपद्धती ठरवली. शिंगे साठ दिवस वाळू दिल्याशिवाय अधिकृत माप घेत नाहीत. तिथल्या शेपटपांढऱ्या हरणाला त्या क्लबाच्या कायमच्या यादीत येण्यासाठी सरळ जातीच्या शिंगांचे १७० गुण लागतात, तर धनुष्यबाणाने शिकार करणाऱ्यांच्या पोप अँड यंग क्लबात १२५ गुणांवर काम भागते. साधन अवघड झाले की माप सैल होते, ही त्यातली कबुली लक्षात घेण्यासारखी आहे.

कारण ट्रॉफी हे निरपेक्ष माप कधीच नव्हते. काळविटाचेच पाहा. राजपुताना आणि पंजाबाकडच्या काळविटांची शिंगे दख्खनी काळविटांपेक्षा लांब भरत. बिकानेरकडे जे शिंग कुणी भिंतीवर लावले नसते, ते आपल्याकडे बैठकीची शोभा ठरे. संस्थानिकांनी राखलेली राने आणि चारचौघांची राने यांतही असाच फरक होता. कोल्हापूरच्या छत्रपतींनी पाळीव चित्त्यांकरवी काळविटांची शिकार करण्याची परंपरा चालवली आणि दाजीपूरचे रान गव्यांसाठी राखले. तिथल्या न्यू पॅलेसमधील संग्रहालयात त्या काळचे पेंढा भरलेले प्राणी आजही पाहायला मिळतात. जिथे बंदूक एकाच घराण्याची चालते, तिथे नर म्हातारा होऊ शकतो. जिथे ती गावोगाव चालते, तिथे तो तरुणपणीच पडतो.

वर्षांचा हिशेब

हा मुद्दा एका साध्या गणिताने स्पष्ट होईल. समजा, एखाद्या रानात एक वर्षाचे शंभर नर आहेत आणि दरवर्षी त्यांतले एक चतुर्थांश वाघ, रानकुत्री, रोगराई आणि दुष्काळ यांना बळी पडतात. पाच वर्षांनी, म्हणजे ते सहा वर्षांचे होतील तेव्हा, त्यांतले चोवीसच्या आसपास उरतील. आता या रानात बंदुकी फिरू लागल्या आणि मृत्यूचे प्रमाण वर्षाला निम्म्यावर गेले असे धरा. शंभराचे पन्नास, पन्नासाचे पंचवीस, असे करता करता सहा वर्षांचे होईपर्यंत तीनच नर शिल्लक राहतील. रान तेच, चारा तोच, रक्तही तेच. हरणांची एकूण संख्याही फारशी घटलेली दिसणार नाही, कारण माद्या शाबूत आहेत आणि पाडसे जन्मत आहेत. पण छत्तीस इंची चितळ मात्र नाहीसा झालेला असेल. शिकारी म्हणतील की या भागातले रक्तच हलके आहे. प्रत्यक्षात उणीव वर्षांची असते.

म्हणूनच जिथे शिकार फार होते तिथे ट्रॉफीचा अर्थ बदलतो. फीत तीच राहते, पण जाणता शिकारी तिच्यावर विसंबत नाही. एकतीस-बत्तीस इंचांचा, पण मुळाशी जाड, कंगोरे खडबडीत झालेला, मान भरलेला, दात झिजलेला नर अशा रानात सापडला, तर तो संस्थानी रानातल्या अडतीस इंचांपेक्षा मोलाचा. कारण त्याने बंदुकींच्या पाच-सहा हंगामांना चकवले आहे. तो दिवसा उघड्यावर येत नाही, कळपाच्या पुढे चालत नाही, वारा पाहिल्याशिवाय पाणवठ्यावर उतरत नाही. सांबराचा म्हातारा नर तर बहुधा एकटाच राहतो. शिकाऱ्याला ज्याच्यावर विजय मिळवायचा आहे ती गोष्ट इथे शिंगाची लांबी नसून जनावराचा अनुभव आहे.

मध्य युरोपातल्या लोकांनी हे फार पूर्वी ओळखले. जर्मनी-ऑस्ट्रियाच्या जंगलांत शतकानुशतके शिकार चालत आली आहे आणि प्रत्येक रानावर कुणा ना कुणाचा हक्क आहे. तिथे हंगामानंतर शिंगांचे प्रदर्शन भरते आणि कित्येक ठिकाणी ते सक्तीचे असते. आपल्या दृष्टीने नवलाची गोष्ट अशी की शिंगांच्या शेजारी त्या हरणाचा खालचा जबडाही मांडावा लागतो. परीक्षक दातांची झीज पाहून वय ठरवतात. चांगल्या वाढीचा तरुण नर मारला असेल तर त्या शिंगांवर लाल ठिपका बसतो. तो मारणाऱ्याच्या बेअब्रूचा असतो. भिंतीवर लावायला शिंगे सुंदर असली तरी जबडा खरे बोलतो.

अमेरिकेत ही समज उशिरा आली. पेनसिल्व्हेनिया हे तिथले सर्वांत जास्त शिकारी असलेल्या राज्यांपैकी एक. विसाव्या शतकाच्या अखेरीस तिथे मारल्या जाणाऱ्या शिंगवाल्या नरांपैकी बहुसंख्य दीड वर्षाचे असत. म्हणजे पहिली शिंगे आली की पहिल्याच हंगामात गोळी. अशा राज्यात अडीच वर्षांचा आठ टोकांचा नर म्हणजे परिसरात गाजणारी ट्रॉफी. २००२ साली राज्याने नियम केला की निदान एका शिंगाला तीन, आणि काही भागांत चार, टोके असल्याशिवाय नर मारायचा नाही. शिकाऱ्यांनी प्रारंभी बरीच ओरड केली. पण काही वर्षांतच मारलेल्या नरांत मोठ्या वयाच्या नरांचे प्रमाण वाढले. शिंगे मोठी करण्यासाठी कोणतेही नवे रक्त आणावे लागले नाही. एक-दोन वर्षे जगू दिले एवढेच.

अर्थात टोके मोजून वय राखण्याच्या युक्तीतही खोट आहे. मिसिसिपी राज्यात १९९५ पासून दोन्ही शिंगे मिळून चार टोके असलेलाच नर मारण्याची मुभा होती. परिणाम असा झाला की दीड वर्षाच्या नरांपैकी जे चांगले खाऊन-पिऊन लवकर भरले ते मारले गेले आणि सुळकेवाले किरकोळ नर वाचले. पुढच्या वर्षांत त्या वयोगटाची शिंगे काही भागांत सरासरीने लहानच भरू लागली. कॅनडातल्या अल्बर्टा प्रांतातील राम पर्वतावरच्या जंगली मेंढ्यांचा अभ्यास या बाबतीत जगभर गाजला. तिथे शिंगाचे वळण ठरावीक मर्यादेपर्यंत पोचले की मेंढा मारता येई. ज्यांची शिंगे लवकर वाढत ते चौथ्या-पाचव्या वर्षीच, म्हणजे प्रजननात बाजी मारण्याआधीच, पडत. सुमारे तीस वर्षांच्या नोंदींवरून २००३ साली शास्त्रज्ञांनी दाखवले की त्या कळपातील मेंढ्यांची शिंगे पिढ्यांगणिक आखूड होत गेली. यात आनुवंशिकतेचा वाटा किती आणि चाऱ्याचा किती, यावर वाद अजून चालू आहे. त्याच बून अँड क्रॉकेट क्लबाच्या शंभरेक वर्षांच्या नोंदी तपासून २०१३ साली जो मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यातही शिंगांच्या मापांत लहानशी पण सातत्याची घट आढळली, आणि तिचे प्रमुख कारण म्हणून नरांचे घटलेले वय पुढे आले. मला स्वतःला हे कारण अधिक पटते. रक्त बिघडायला पिढ्या लागतात. वय बिघडायला एक पिढी पुरते.

आता पुन्हा आपल्या मुलखाकडे वळू. मध्य प्रांतातली राखीव जंगले शिकारीच्या ब्लॉकांत विभागलेली असत. ठरावीक मुदतीचा परवाना, त्यावर कोणत्या जातीचे किती नर हे लिहिलेले, माद्या मारायच्या नाहीत, असा तो कारभार. १९१२ साली रानटी पक्षी व प्राणी संरक्षणाचा कायदा झाला आणि बंद हंगामाला सर्वत्र आधार मिळाला. या नियमांमागे भूतदया नव्हती, पुढच्या वर्षीही साहेबांना चांगली शिंगे मिळावीत हा हिशेब होता. पण हिशेब म्हणून तो पक्का होता. तरीही जेम्स फोर्सिथ यांनी १८७१ साली प्रसिद्ध झालेल्या पुस्तकात वर्णिलेला मध्य भारत आणि वनाधिकारी डनबार ब्रँडर यांनी १९२३ साली वर्णिलेला मध्य भारत यांत मोठे अंतर पडलेले दिसते. विशेषतः उघड्या माळावरची काळविटे त्या मधल्या काळात झपाट्याने विरळ झाली, कारण माळ हा कुणाच्या ब्लॉकात नव्हता.

स्वातंत्र्यानंतर हिशेबही सुटला. युद्धातून आलेल्या जीपगाड्या, हातातले प्रखर दिवे आणि पीकरक्षणाच्या नावाखाली मिळालेल्या बंदुका यांनी दोन दशकांत जे केले ते आधीच्या ऐंशी वर्षांत झाले नव्हते. रात्री दिव्याच्या झोतात चमकणाऱ्या डोळ्यांवर गोळी झाडणाऱ्याला शिंगे मोजायला उसंत नसते. ई. पी. गी यांच्यासारखे निसर्गप्रेमी त्या काळात यावर सतत लिहीत होते. मध्य प्रदेशातला बारासिंगा १९७० साली कान्हामध्ये अवघा ६६ वर आला. त्याला गवताळ कुरणांचा ऱ्हासही कारण होता, पण शिकारीचा वाटा मोठा होता. जिथे जातच संपायला आली तिथे ट्रॉफीचा विचार निरर्थक ठरतो.

कायद्याची ट्रॉफी

१९७२ साली वन्यजीव संरक्षण कायदा आला. त्याने शिकार एकदम बंद केली असा सर्वसाधारण समज आहे, तो बरोबर नाही. मूळ कायद्यात परवान्यावर शिकारीची सोय होती आणि चितळ-सांबरांची गणना ‘मोठ्या शिकारी’च्या अनुसूचीत होती. ती सोय १९९१ च्या दुरुस्तीने गेली. याच कायद्याने ‘ट्रॉफी’ या शब्दाची जी व्याख्या केली ती शिकाऱ्यांच्या व्याख्येच्या अगदी उलट आहे. वन्यप्राण्याचा संपूर्ण देह किंवा त्याचा कोणताही भाग, जो नैसर्गिक वा कृत्रिम उपायांनी टिकवून ठेवला आहे, तो ट्रॉफी. त्यात पेंढा भरलेले मुंडके आले तसे नखही आले, केस आला, पीस आले, अंडे आणि घरटेही आले. चाळीस इंची सांबरशिंग आणि पहिल्या वर्षाचा वीतभर सुळका कायद्याच्या लेखी सारखेच.

या व्याख्येत मराठी घरांतल्या काही वस्तू नकळत येऊन बसतात. मुंजीत बटूच्या जानव्याला बांधायचा अजिनाचा तुकडा हा मूळचा काळविटाचा. छातीत किंवा बरगडीत दुखू लागले की सहाणेवर सांबरशिंग उगाळून लेप लावण्याची रीत आजीच्या बटव्यातली. वैद्यांचे मृगशृंग भस्मही त्यातलेच. या वस्तूंना लांबी-रुंदीचे कौतुक कधीच नव्हते, आणि त्या मिळवण्यासाठी कुणी रानात गेलेही नसेल. शिंगे गळून पडतात, ती वेचून आणली की भागत असे. तरी काळवीट, बारासिंगा, चिंकारा यांसारख्या पहिल्या अनुसूचीतील प्राण्यांचे अवशेष बाळगायचे तर मालकीचे प्रमाणपत्र लागते. ज्यांनी पूर्वी घोषणापत्र दिले नव्हते त्यांना २००३ साली नियम करून १८० दिवसांची संधी दिली गेली. ती मुदत कधीच उलटून गेली आहे. प्रमाणपत्र असले तरी वस्तू विकता येत नाही. २०२२ च्या दुरुस्तीने आणखी एक वाट उघडली. ज्याला आपल्याकडची ट्रॉफी बाळगायची नाही त्याने ती मुख्य वन्यजीव रक्षकांकडे स्वेच्छेने जमा करावी. मोबदला मिळत नाही, वस्तू सरकारची होते. वडिलोपार्जित वाडा विकायला काढलेल्या कुटुंबांनी बैठकीतली शिंगे जुन्या फर्निचरबरोबर व्यापाऱ्याला देण्यापूर्वी हे ठाऊक असलेले बरे. घरात ती तीन पिढ्या आहेत, हे सांगितल्याने कागद तयार होत नाही.

आंजी, खरांगणा, हिंगणी या पट्ट्यातल्या शेतकऱ्याला ट्रॉफीचे काहीच अप्रूप नाही. त्याच्या दृष्टीने रोही आणि रानडुक्कर हे तुरीचे व हरभऱ्याचे वैरी आहेत. पिकाचे नुकसान करणारी रोही व डुकरे परवानगी घेऊन मारण्याचा मार्ग राज्य सरकारने २०१५ साली मोकळा केला, पण कागदाच्या वाटेने जाणारे थोडे. विदर्भात अनेक ठिकाणी शेताभोवती तारेत वीजप्रवाह सोडला जातो, तारेचे फास लावले जातात. त्यांत डुक्कर सापडते, तशी चितळाची गाभण मादी सापडते, कधी वाघ आणि कधी शेजारच्या शेताचा मालकही सापडतो. बंदूकवाला निदान नर की मादी एवढे पाहत असे. फासाला वय कळत नाही आणि शिंगही कळत नाही. अशा रानात पूर्ण वाढीचा सांबर नर दिसला, तर इंग्रज शिकाऱ्याच्या जुन्या हिशेबाने तो पूर्वीपेक्षा कितीतरी मोठी ट्रॉफी म्हणावा लागेल. आज त्याची मोजदाद छायाचित्रात होते.

गळून पडलेले शिंग शेताच्या बांधावर किंवा जंगलाच्या कडेला सापडले तर काय करावे, असा प्रश्न या भागात फिरायला जाणाऱ्या शहरी मंडळींना पडतो. जंगलात सापडलेले शिंग १९२७ च्या भारतीय वन अधिनियमानुसार वनोपज आहे, ते उचलून घरी आणता येत नाही. ते जिथे पडले आहे तिथे त्याला गिऱ्हाईकही आहे. साळिंदर रात्री येऊन ते कुरतडते, कारण त्यालाही चुना हवा असतो. पुढच्या पावसाळ्यापर्यंत त्यावर दातांच्या समांतर खाचा उमटलेल्या दिसतात, आणि त्यानंतर बहुधा काहीच दिसत नाही.